सदर वाचकाचे नाव कळवावे

प्रिय मोठ्या साहेब,

हो, साहेबच. मैत्रीण म्हणून हाक मारायला आज जीभ वळत नाहीये. तुझं परिपत्रक काल आलं, आणि ते वाचून तळपायाची आग जी मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही. ऑफिसच्या मेलवर उत्तर लिहायला बसले, तर ‘महोदया’च्या पुढे नुसत्या शिव्याच यायला लागल्या. म्हणून हे घरच्या टेबलावर, हाताने लिहितेय.

काय लिहिलंयस, तुला आठवण करून देते, कारण सही करण्याआधी तू ते वाचलं असशील यावर माझा विश्वास बसत नाही. ग्रंथालयाच्या वेबसाइटवर पुस्तकांखाली वाचकांनी लिहायची सोय महिनाअखेर बंद करावी. आजवर लिहिलेलं सगळं काढून टाकावं. चर्चेची आवड असणाऱ्यांनी सभागृहात उपस्थित राहावं. आणि शेवटी, ‘चिमटा’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या सदर वाचकाचे नाव शुक्रवारपर्यंत कळवावे, म्हणजे सभासदत्व रद्द करता येईल. सदर वाचक! एकाच काउंटरवर आपण दोघींनी इतकी वर्षं काढली, तेव्हा तुझ्या तोंडून हा ‘सदर’ कधी ऐकला नव्हता. खुर्चीबरोबर मिळतो का गं तो?

आणि ही सोय कुणी आणली होती? मी? मला तर तेव्हा माउससुद्धा सरळ धरता येत नव्हता. तूच आणलीस. समितीतले सगळे म्हणत होते की ग्रंथालय म्हणजे शांतता, लोकांना बोलायला लावलंत तर बाजार होईल. तू त्यांना सुनावलंस की शांतता हॉलमध्ये पाळा, पुस्तकाखाली माणसांना बोलू द्या. मग त्यांनी तोडगा काढला. आठवतोय ना? वाचकाने वेबसाइटवर लिहिलेलं आपण कागदावर छापायचं, मासिक सभेत ठेवायचं, अध्यक्षांनी सही केली की परत टाइप करून वेबसाइटवर टाकायचं! एका मुलीने विचारलं होतं, हे गणिताचं पुस्तक परीक्षेला पुरेल का. तिचा प्रश्न सह्या होऊन वेबसाइटवर झळकला तोवर बिचारीचा निकाल लागला होता. आपण दोघी काउंटरखाली वाकून हसलो होतो. पण तू नुसती हसून थांबली नाहीस. पुढच्या सभेला सगळा गठ्ठा घेऊन गेलीस आणि एकेक प्रतिक्रिया मोठ्याने वाचत बसलीस, समिती जांभया देऊन हात टेकेपर्यंत. त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला होता म्हणून सांगू!

आता तिथे काय चालतं ते तुला तिकडे मुख्य ऑफिसातून दिसत नसेल, म्हणून सांगते. लोक पुस्तकांना स्वतःचे शिक्के लावतात. आपण ज्याला ‘सामाजिक कादंबरी’ म्हणून मोकळे झालो, त्याच्यावर कुणी लिहितं ‘रडू येतं, घरीच वाचा’, कुणी लिहितं ‘सासूला भेट द्यायला उत्तम, तिला कळणार नाही’. रात्रपाळीची एक नर्स ड्यूटी संपवून घरी जाताना वाचते आणि पुस्तकाखालीच इतरांशी भांडते. शिलाईच्या पुस्तकातली बाहीची आकृती उलटी छापलीय हे एका शिंप्याने लिहून ठेवलं, नाहीतर आणखी किती जणांचं कापड वाया गेलं असतं. घाण लिहिणारेही येतात, नाही कशाला म्हणू? ते मी काढते. त्यासाठी बटण आहे, आणि ते दाबायचा मला पगार मिळतो. दोन टवाळ आले म्हणून कुणी वाचनालयाला कुलूप लावतं का?

आणि हा चिमटा. गेल्या वर्षी नवरा गेलेल्या एका बाईने एका कादंबरीखाली विचारलं, शेवट चांगला आहे का, मला सध्या दुसरा झेपणार नाही. आपण काउंटरवर असतो तर गडबडून जाऊन विनोदी पुस्तक काढून दिलं असतं. चिमट्याने लिहिलं, ‘शेवट चांगला नाही, पण खरा आहे. मधला भाग मी तुमच्याबरोबर वाचते. जिथे अडाल तिथे सांगा.’ आणि खरंच दोघींनी रोज थोडं थोडं करत ते पुस्तक संपवलं. त्या पानावरचं त्यांचं बोलणं वाचलंस तर काढून टाकायला तुझा हात धजायचा नाही. हेच सगळं तुझ्या परिपत्रकात ‘अनावश्यक मजकूर’ झालंय.

चिमट्याचा गुन्हा काय, ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. अध्यक्षांनी आत्मचरित्र लिहिलं, ग्रंथालयाच्या प्रत्येक शाखेला घ्यायला लावलं, आणि चिमट्याने ते चक्क वाचलं! तेही शेवटपर्यंत, जे अध्यक्षांच्या घरच्यांनीही केलं नसेल. मग खाली लिहिलं, ‘लेखकाने आपल्या साधेपणाचं इतकं सविस्तर वर्णन केलंय की वाचून दमायला होतं. पत्नीचा उल्लेख एकदाच आलाय, आभाराच्या पानावर. त्यांनी काही लिहिलं तर वाचायला आवडेल.’ झालं. खाली लोकांची रांग लागली, आम्हालाही आवडेल, आम्हालाही. त्यात कुणीतरी लिहून गेलं, ‘लिहायला घेतलंय.’ ती खरंच त्यांची बायको होती की कुणी टवाळ, देव जाणे. पण अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि शिंका तुझ्या ऑफिसात निघाल्या. यात एक तरी अपशब्द आहे का? दाखव मला. एका माणसाचं मन राखायला तू सगळ्यांची तोंडं बंद करतेयस, आणि वर त्याला ‘धोरण’ म्हणतेयस.

ज्यांना बोलायचंय त्यांनी सभागृहात यावं म्हणे. कुणी यावं? नर्सने झोप मोडून? तान्हं मूल कडेवर घेऊन कुणी? आणि जे येऊन गेले त्यांचं काय? आपल्या वाचक मंडळात एक बाई यायची, तिसऱ्या रांगेत कडेला बसायची. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून दिली, आणि निवृत्तीनंतर स्वतःचेच कान गेले. इतर हसले की ती हसायची, पण एक क्षण उशिरा. तिला काही विचारलं की शेजारची तिच्या कानात ओरडायची, आणि अख्खं सभागृह मान वळवून बघायचं. एकदा तिने भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं, लोक हसले, आणि ती पर्स उचलून निघून गेली. परत कधी आली नाही. नंतर मीच तिला काउंटरवरच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं, कसं लिहायचं ते दाखवलं आणि टोपणनाव विचारलं. तिने पाटीवर लिहावं तसं एकेक अक्षर दाबत लिहिलं, चिमटा.

ओळखलंस ना? तुझीच आई.

तू फोन करतेस तेव्हा ती फोन शेजारणीच्या हातात देते आणि शेजारीण सांगते, बरी आहेत, जेवल्या. तू कुरिअरने पाठवलेलं कानाचं यंत्र शिट्टी मारतं, म्हणून कपाटात पडलंय. तुझ्या मेसेजला ती ‘ठीक’ एवढंच लिहिते, कारण तू ‘ठीक ना?’ एवढंच विचारतेस. मला वाटायचं, लेकीशी दोनच शब्द बोलणारी बाई परक्यांशी पानंच्या पानं कशी लिहिते? आता कळतंय. ते तिला विचारतात आणि उत्तरासाठी थांबतात. मी हे तुला सांगू नये म्हणून तिने मला शपथ घातली होती. आज मोडली. घे, तुझ्या पत्राचं उत्तर दिलं. शुक्रवारच्या आत दिलं.

आणि नुसतं परिपत्रकच असतं तर मी तुझ्याशी ऑफिसातच भांडले असते, हे पत्र लिहिलं नसतं. पण आज दुपारी ती काउंटरवर आली. नियमाप्रमाणे वेबसाइटवरही लागलेलं परिपत्रक तिने वाचलं होतं. खाली तुझी सही बघून आधी तर खूश झाली वेडी, किती वळणदार करते म्हणाली. मग सभासदत्वाचं कार्ड माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली की माझं लिहिलेलं सगळं तूच आधी पुसून टाक, कार्डही रद्द कर. म्हणजे नाव पुढे जायला नको आणि माझ्यामुळे पोरीला अध्यक्षांसमोर मान खाली घालायला नको. त्या विधवा बाईला निरोप तेवढा लिहिते म्हणाली, आणि कॉम्प्युटरसमोर बसली. बराच वेळ बसली. काहीच न लिहिता उठली. तू तिची लेक आहेस, तुला सांगायला नको की ही बाई कधी शब्दाला अडत नाही. मी कार्ड घेतलं नाही आणि काही पुसलंही नाही. बटण दाबायचा मला पगार मिळतो हे खरं, पण हे माझ्याच्याने व्हायचं नाही. पुसायचंच असेल तर इथे ये, तिच्या शेजारी खुर्ची ओढून बस, तिने लिहिलेलं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच, आणि मग तिच्या डोळ्यांदेखत तुझ्या हाताने पूस.

तुझीच,
अजून तरी मैत्रीण