काचबिंदू आणि मुजरा

सुवा, ११ मे २०१५

तीर्थरूप उनाइसीआत्यास लोसालिनीचा सा. न. वि. वि.

बाबांच्या उजव्या डोळ्याचं काचबिंदूचं ऑपरेशन झालं. मोठ्या डॉक्टरांनी केलं, मी मदतीला शेजारीच होते. डोळ्यातला दाब उतरलाय. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची, हे दहादा सांगूनही चष्मा कधी सुटेल ते विचारतातच.

तू इथे नर्स होतीस तेव्हा लोक पार आंधळे होऊन यायचे, आणि पुन्हा घरी चटईवर बसून राहायचे. आता बाबांसारखे हिंडते-फिरते येतात, तक्त्याच्या सहा ओळी वाचत. राखायला पुष्कळ असतं, म्हणून मला धास्तीही जास्त वाटते. बाबांना बोटीने तुझ्याकडे पाठवतेय, सोबत सूचनांचा कागद दिलाय. तू लिहिलेलाच अजून चालतो. त्यांच्याकडे तुझं लक्ष असू दे, आणि माझ्यावर मायाही.

तुझी, लोसालिनी

कंदावू बेट, १ जून

चि. लोसालिनीस अनेक आशीर्वाद.

तुझा बाप अपिसाई दिवसातून चार वेळा मुकाट्याने औषध घालून घेत होता. अळकुड्यांची टोपलीसुद्धा उचलत नव्हता. नव्या नवरीसारखा बसलाय म्हणून मेव्हणे चिडवायचे. परवा गावच्या सरदारांच्या आईची मयत झाली. अशा वेळी सरदारांना मानाने देतात तो देवमाशाचा दात मानकरी म्हणून त्यानेच अर्पण केला. संध्याकाळी डोळा ठणकू लागला, आणि आता गढूळ पाण्यातून बघितल्यासारखं दिसतंय. उद्याच्या बोटीने पाठवते. जड काही उचललं नाही, शपथ घेतो. माझा जीव थाऱ्यावर नाही, लगेच कळव.

तुझी आत्या

सुवा, ८ जून

ती. आत्यास सा. न.

आत रक्त उतरलंय. सहापैकी दोनच ओळी उरल्या. दात कसा अर्पण केला विचारलं, तर बाबांनी करून दाखवलं: कपाळ चटईला, आठ वेळा. डोकं एवढं खाली गेलं की डोळ्यातला दाब चढतो. हा मुजरा लहानपणापासून बघत आलेय, पण तो बंद ठेवा म्हणून सांगायचं सुचलं नाही. तुझ्या कागदात ओझं आहे, पाणी आहे, लाकडं आहेत, मुजरा नाही. मला तुझा राग आलाय, आणि वाचून दाखवणारी मीच, म्हणून माझाही.

डाव्या डोळ्याचंही करायलाच हवं. पण ते नाही म्हणतात. न वाकणारा मानकरी म्हणजे सरदारांचा अपमान, असं त्यांचं म्हणणं. त्यांना परत पाठवतेय. तूच काहीतरी कर. रागावले असले तरी तुझीच आहे.

लोसालिनी

कंदावू, २९ जून

चि. लोसालिनीस आशीर्वाद.

रागाव, तुझा हक्कच आहे. कागद मी चौऱ्याऐंशी साली लिहिला. तेव्हाच्या माझ्या पेशंटना मुजऱ्याला बोलावतंच कोण? मयतीत मी समोर बसून तुझ्या बापाला वाकताना बघत होते, आणि किती रुबाबात वाकतो म्हणून कौतुक करत होते. याची मला लाज वाटते.

सरदारांकडे गेले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, दोन महिने अपिसाईने मान ताठ ठेवायची, हा माझा हुकूम. काल सरदारांसमोर यंगोना पिण्याच्या बैठकीत तो ताठ बसला. शरमेने घामाघूम झाला होता. घरी येऊन म्हणाला, की समोर धरलेली करवंटी सरदारांना दिसतच नाही, ते हवेत चाचपडतात. आम्ही सगळे माना खाली घालून बसलेलो, कुणाला कधी कळणार?

मंगळवारच्या बोटीने अपिसाई आणि सरदार दोघेही येताहेत. दोघांचेही डोळे तपास, आणि कागद आता तूच लिही. लोभ कमी करू नकोस.

तुझी, उनाइसीआत्या