माया किती सोडायची

ता. ४ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आई जाऊन आठ महिने झाले, आणि तुम्ही अजून खिडकीपाशीच बसून असता असं शेजारच्या काकू सांगतात. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. ‘स्वप्नांना वय नसतं’ हे माझं व्याख्यान आजवर बाराशे लोकांनी ऐकलं. त्यातल्या एका आजोबांनी तर गिटार घेतली. आणि माझेच वडील वर्तमानपत्राच्या घड्या घालत बसलेत! बाबा, मनातलं काहीतरी करा. काहीही! वीस जुलैच्या मोठ्या कार्यक्रमात मला तुम्हाला मंचावर बोलवायचं आहे.

नाही म्हणू नका. आशीर्वाद असू द्या.

आपला,
बाळ

ता. १९ जून

चि. बाळास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं आणि दुसऱ्याच दिवशी बाजारामागच्या शिवणवर्गात नाव घातलं. अकरा मुली आणि मी. घरी सरावाला आईचंच मशीन आहे, फक्त तेल घालावं लागलं.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. मी चौतीस वर्षं कचेरीत नकाशे काढलेला माणूस. झबल्याचा आकार अगदी काटेकोर आखला आणि बरोबर रेषेवरून कापला. बाई बघत राहतील असं वाटलं. त्यांनी कापड उचललं आणि विचारलं, की काका, माया कुठे ठेवलीत? मला काही कळेना. मी सांगितलं, की ही घरात होती तोवर माया होती, आता कोण ठेवणार. अकराही मशिनं थांबली. मग बाईंनी हळू आवाजात समजावलं, की शिवणीत दाबायला रेषेबाहेर अर्धा इंच कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. आमच्या नकाशात हद्द म्हणजे हद्द, तिच्याबाहेर दुसऱ्याची जमीन. झबलं शिवून झालं ते बाहुलीच्या मापाचं. बाईंची नात खूश आहे.

जेवण वेळेवर घेतो. काळजी नसावी. सूनबाईंना आशीर्वाद.

तुझे,
बाबा

ता. २६ जून

ती. बाबांना,
सा. न.

पत्र वाचून आनंद झाला, पण शिवण? बाबा, काहीही करा म्हणालो त्याचा अर्थ काहीही असा नव्हता. आयोजक म्हणतात, झबल्याला टाळ्या पडत नाहीत. जाहिरातीत ‘एकाहत्तराव्या वर्षी शिखर सर’ असं छापूनही झालंय. तुमच्या घरामागची टेकडी चालेल. पायऱ्या फोटोत येणार नाहीत एवढं बघा. सोबत दोर पाठवतो आहे, तो खांद्यावर घ्या. तेवढा महिना मशीन झाकून ठेवा. कुणी पाहिलं तर पंचाईत नको.

मुलाचा हट्ट समजून एवढं करा.

आपला,
बाळ

(ता. क. बाबा, हे आंघोळीला गेलेत म्हणून लिहिते. माझे दोन ड्रेस दंडात फार घट्ट होतात. पाठवू का? – आपली सून)

ता. ८ जुलै

चि. बाळास,
आशीर्वाद.

दोर मिळाला. मजबूत आहे. त्यावर कपडे वाळत घातलेत.

मशीन झाकणं मला जमणार नाही. तुझी आई बत्तीस वर्षं म्हणत होती, की तुमचा हात कापायला चांगला आहे, माझ्याजवळ बसा. मी म्हणायचो, कचेरीत कळलं तर काय म्हणतील. कुणी काहीच म्हटलं नसतं. ती गेली तेव्हा मशीनवर एक बाही अर्धी राहिली होती. ती मी परवा लावली. उलटी लागली. उसवून पुन्हा लावली.

स्वप्न वगैरे मला ठाऊक नाही. बाईंच्या ओळखीने कपडे दुरुस्तीच्या दुकानात आठवड्यातून चार दिवस बसतो. मालकीण मला नकाशेकाका म्हणते आणि दिवसातून दोनदा तरी ओरडते. वीस तारखेला एका शाळेचे गणवेश द्यायचे आहेत, त्यामुळे येता येणार नाही. तुझी अडचण होईल याचं वाईट वाटतं. पण टेकडी मी चढलेलो नाही, आणि तसं सांगणारही नाही.

सूनबाईंसाठी आत वेगळी चिठ्ठी आहे, ती फोडू नकोस.

तुझ्या श्रोत्यांपैकी कुणाला अजून स्वप्न सापडलं नसेल, तर इकडे काजं-बटणं करायला माणूस हवा आहे. काम शिकवू. फक्त सकाळी नऊला यावं लागतं.

राग निवळला की चार ओळी टाक. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझे,
बाबा