बॉल मागेच द्यायचा

कामोठे,
११ मे २०२५

चि. संघमित्रा हीस,
आईचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

फोनवर आपण दोघी जेवलीस का, जेवले, एवढंच बोलतो आणि मग एकमेकींच्या घरातला पंखा ऐकत बसतो. म्हणून कागद घेतला. पोस्टाने टाकलं तर पोचेपर्यंत तू गाव बदललेलं असशील, तेव्हा लिहून झालं की फोटो काढून पाठवते. तूही हातानेच लिही. टाइप केलेलं वाचताना बँकेचा मेसेज वाचल्यासारखं वाटतं.

इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे काही बिघडलेलं नाही. पप्पांना जाऊन सहा महिने होत आले. पहाटे नळाला पाणी आलं की जाग येते आणि आज व्हॉल्व्ह कुणी उघडला असेल, असं मनात येतं. त्यांची ती व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी अजून दारामागे उभी आहे. ऑफिसने मागितली नाही, मी दिली नाही. फरशी पुसताना बाजूला करते, परत तिथेच ठेवते. विहाराच्या वाचनालयातून पुस्तक आणते आणि अर्धं झाल्यावर लक्षात येतं की हे मागेही आणलं होतं. रडू येत नाही. स्वयंपाक करते, खाते, पण भाजीत मीठ पडलंय की नाही ते खाऊनही कळत नाही. डॉक्टरांना दाखवलं. जीभ चांगली आहे म्हणाले.

आता मुद्द्याचं. पप्पांबरोबर पाणीपुरवठ्यात असलेले बाजीरावभाऊजी येऊन गेले. माणूस नोकरीत असताना गेला की घरातल्या एकाला अनुकंपावर घेतात, त्यासाठी दिवाळीच्या आत नाव द्या म्हणाले. तुझे शहाजीकाका इथेच बसले होते. पोरीला बोलवा, असं त्यांनी सांगून टाकलं. मी हो म्हटलं. तुला न विचारता म्हटलं. तू ग्रॅज्युएट आहेस, टेबलाची जागा मिळेल. तुझा ऑस्ट्रेलियात काम करत फिरायचा व्हिसा लॉटरीत लागला तेव्हा पप्पांनी पूर्ण बिल्डिंगला पेढे वाटले होते, ते मी विसरलेले नाही. तरी विचार कर.

आणि त्या रग्बीचं एकदा नीट सांग. व्हिडिओत तू पळतेस, मग दिसेनाशी होतेस आणि वर पाच-सहा बाया पडलेल्या असतात. दात सगळे आहेत ना?

माया इथून पाठवते, पुरवून वापर.
तुझी,
आई

बंडाबर्ग,
२५ मे २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

दात सगळे आहेत. एक कान सुजलाय, तो टोपीत झाकते.

हा कागद रताळ्यांच्या खोक्यातला आहे, डाग पडलेत त्याला माफ कर. मागच्या गावातली सफरचंदं संपली, म्हणून इथे आले. इथे दिवसभर शेडमध्ये रताळी निवडायची.

तुला सांगितलं नव्हतं, पण या देशात आल्यावर पहिला महिना मी कुणाशीच बोलले नाही. हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही सहा जणी, सहाही जणींच्या कानात हेडफोन. काम, पाव, झोप. मग एका संध्याकाळी मैदानावर मुली रग्बीची प्रॅक्टिस करताना दिसल्या. तशीच मागे फिरले आणि बॅगेच्या तळातून कामोठ्यात खेळायचे ते बूट काढले. त्यांच्या कोचने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. बुटांकडे पाहिलं आणि कुठल्या जागेवर खेळतेस म्हणून विचारलं. घरी कोण असतं, वडील काय करतात, यातलं काही नाही. मला फार बरं वाटलं. इथली पद्धत अशी की सामना संपला की यजमान टीमने पाहुण्यांना जेवू घालायचं. जिने मला दोनदा चिखलात आडवं केलं, तिनेच माझ्या ताटात बटाटे वाढले. आता नवीन गावात उतरले की दुकानाच्या आधी मैदान विचारते.

इथे लुपे भेटली. टोंगा नावाच्या बेटावरची आहे, माझ्याच शेडमध्ये काम करते. आपल्या सोसायटीच्या टाकीएवढी आहे. लहान मुलीला आईकडे ठेवून आली आहे. रविवारी नारळाच्या दुधात अळूची पानं शिजवते आणि मी खाल्लं नाही तर रागावते. सामन्याआधी ती डोळे मिटून प्रार्थना म्हणते. तिच्या शेजारी उभी राहून मी मनात त्रिशरण म्हणते.

खेळ सोपा आहे, आई. पळायचं पुढे, पण हाताने बॉल पुढे टाकायचा नाही. आपल्या मागे जी असेल तिलाच द्यायचा. पप्पांना हे कधी पटलं नाही. खारघरच्या मॅचला ड्युटीवरून चावी घेऊन आले होते, तेव्हाही शेवटपर्यंत पुढे टाक, पुढे टाक, असंच ओरडत होते. रेफ्री हसत होता. पळताना वळून बघायला वेळ नसतो, म्हणून मागच्या मुलीने आवाज द्यायचा असतो. इथल्या पहिल्या मॅचला मी घाईत मराठीतच मागे, मागे, असं ओरडले. लुपेला शब्द कळला नाही, पण आवाज कळला. तिने न बघता बॉल दिला आणि मी तो रेषेपलीकडे नेऊन टेकवला. आता अख्खी टीम मागे म्हणूनच ओरडते. शेतकऱ्यांच्या गोऱ्या पोरी, आणि ण्याव ण्याव इंग्रजीत मधूनच मागे. तू असतीस तर हसली असतीस.

कागद संपला. आठवण काढतेस तशी काढत राहा.
तुझी,
संघू

कामोठे,
८ जून २०२५

चि. संघमित्रा हीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पत्रात अळू आहे, कान आहे, टाकीएवढी लुपे आहे. नोकरीचं तेवढं नाही. कागद संपला की धीर संपला, ते कळव.

शहाजीकाकांना वाचून दाखवलं. डिग्री घेऊन रताळीच निवडायची होती तर आपल्या गावी मुखेडला काय कमी होती, असं म्हणाले. बाजीरावभाऊजी जाता-येता विचारतात. मी विचारते आहे असं सांगते. या घरात संध्याकाळी दिवा लावायला मी एकटी असते, हे तुला घाबरवायला लिहीत नाही. आहे ते लिहिते.

तुझं पत्र मात्र शेवटपर्यंत वाचलं. नोव्हेंबरनंतर एका दमात पूर्ण वाचलेलं हे पहिलंच.

लुपेची पोर केवढी आहे ते लिही.

उत्तराची वाट आणि माया, दोन्ही इथेच आहेत.
तुझी,
आई

बंडाबर्ग,
२२ जून २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

मी येते. दिवाळीच्या आधी पोचेन. माझं नाव दे. नोकरी चांगली आहे, पक्की आहे, आणि तू एकटी राहू नयेस. मी सर्व बाजूंनी विचार केला आहे. तिकिटाचं बघते आहे. इकडे सगळं ठीक आहे. काळजी नसावी.

टीमला सांगितलं. सामन्यानंतर लुपे माझे बूट घेऊन गेली आणि धुऊन, वाळवून, लेस घालून आणून ठेवले. तिची पोर पाच वर्षांची आहे.

आशीर्वाद असू दे.
तुझी,
संघमित्रा

कामोठे,
५ जुलै २०२५

चि. संघमित्रा हीस,
आईचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली आणि शेजारी शेजारी ठेवली. लुपेबद्दल लिहिताना तुझ्या ओळी कागदाबाहेर धावतात. येण्याबद्दल लिहिलंस ते परीक्षेच्या पेपरात लिहावं तसं, समास सोडून. इकडे सगळं ठीक आहे, असंही लिहिलंस. ही भाषा मी ओळखते. गेले सात महिने मीच ती बोलते आहे. घरात तशी एक पुरे.

तिकीट काढू नकोस. काल ऑफिसात जाऊन नाव देऊन आले. तुझं नाही, माझं.

माझं नाव चालेल का, असं विचारलं तेव्हा बाजीरावभाऊजींचा चहाचा कप हातातच राहिला. हे आमच्या डोक्यातच आलं नाही वहिनी, म्हणाले. वय बसतं. पंचेचाळीसपर्यंत चालतं, मला अजून थोडे महिने आहेत. शिक्षण सहावी, त्यामुळे टेबल मिळणार नाही, शिपायाची जागा मिळेल. हुकूम कधी येईल ते कुणी सांगत नाही. तोवर पप्पांची पेन्शन आहे, आणि माझं एकटीचं लागतं किती. शहाजीकाका फार बोलले. दादा असता तर वहिनीला ऑफिसात पाणी द्यायला उभं केलं असतं का, असं म्हणाले. मी म्हटलं, दादा जन्मभर अख्ख्या कामोठ्याला पाणीच देत होते. त्यावर त्यांनी चहा मागितला.

तुझ्या खेळाचं माझ्या डोक्यात बसलं ते असं. पप्पा गेले आणि आम्ही सगळे, बाजीरावभाऊजी, काका आणि मी, पुढे टाक, पुढे टाक, म्हणून तुझ्या नावाने ओरडत होतो. मागे मी उभी होते. मला कुणी पाहिलं नाही. कसं पाहणार, मी आवाजच दिला नव्हता.

ऑफिसात जाताना चावी नेली. जुन्या चादरीत गुंडाळली होती. रिक्षावाल्याने हे काय म्हणून विचारलं, मी पाण्याची चावी म्हटलं. टेबलावरच्या बाईंनी नाव विचारलं. मी सांगितलं, त्यांना ऐकू गेलं नाही. परत सांगितलं, परत नाही. मग इतक्या जोरात सांगितलं की पलीकडच्या टेबलांवरची माणसं मान वर करून बघायला लागली. त्यातल्या एकाने पप्पांचं नाव ऐकून खुर्ची आणून दिली.

पप्पांच्या स्मृतिदिनाला नोव्हेंबरमध्ये ये. पुण्यानुमोदनाला तू असायला हवीस. मात्र परतीचं तिकीट आधी दाखव, मग दार उघडेन. लुपेला सांग, बूट परत चिखलात घाल म्हणावं.

जेवणाच्या सुट्टीत बाजीरावभाऊजींनी मला घरी जाऊ दिलं नाही. पप्पा बसायचे त्या बाकावर सगळे सरकले आणि मध्ये जागा झाली. चावी कोपऱ्यात उभी करून ठेवली. कुणी पोळी दिली, कुणी लोणचं, भाऊजींनी त्यांच्या डब्यातली वांग्याची भाजी वाढली. कुणी पप्पांबद्दल बोललं नाही. पाण्याच्या टँकरबद्दल भांडत होते. मी जेवले.

रडू अजून आलेलं नाही. पण भाजीत मीठ जास्त होतं. मला ते कळलं, म्हणून तुला कळवते.

खेळत राहा, लिहीत राहा.
तुझी आई,
दुर्गाबाई रावसाहेब सोनकांबळे