दमूचा फेरा

१२ मे १९९२
दमू आली! सुधाकर, माझा लेक, सिकंद्राबादेत मिलिट्रीत आहे, त्याची ही पोरगी. तेरावं लागलं. मांडीवर बसत नाही आता, तरी बसवली. ही वही तिनंच आणली. म्हणे, "आजी, रोज लिही, नाही तं अक्षरं विसरशील." मागच्या उन्हाळ्यात तिनंच शिकवली न मले. 'ळ' अजून उलटाच पडते.

१४ मे
पोरगी तिकडं तलावात शिडाच्या नावेची शर्यत खेळते. पाण्यात पिवळं पिंप तरंगत ठेवतात, त्याले वळसा घालून यायचं. नाव पिंपाले लागली तं आपणच जागेवर एक पुरा फेरा मारायचा, मंग पुढं. पंच नसतेच म्हणे पाण्यात. ज्याची चूक त्यानंच धरायची.
मागच्या शर्यतीत हिची लागली. पयली होती, फेरा मारला अन् चौथी आली.
मी म्हटलं, "कोणी पाह्यलं होतं काय?"
"नाही."
"मंग काऊन फिरली, येडे? पयली आली असती न."
मी हासून राह्यले होते. ती नाही हासली. वाटीतला रस तसाच राह्यला.

१५ मे
आजही रस नाही खाल्ला.

२ जून
दमू गेली. भैंशाच्या बसस्टँडवर पाया पडली अन् मागं न पाहता बसमधी चढली. जुलैत मोठी शर्यत आहे. मी म्हटलं पयलीच ये. घर कसं मोठं वाटून राह्यलं.

२४ जून
देवळामागं पोरांची कबड्डी. एक म्हणे हात लागला, दुसरा म्हणे नाही. माणिकरावच्या पोराचं डोकं फुटलं, तीन टाके. रामाजी म्हातारा पारावरून म्हणे, "आमच्या वक्ताले हात लागला की गडी आपणच बाहीर बसे. कोणी म्हणायची पाळी येत नव्हती."
घरी आले. भाकर तव्यावर करपली. माझी दमू त्या आपणच बाहीर बसणाऱ्यातली. अन् मी तिले येडी म्हटलं.

३० जून
कार्ड लिहाले घेतलं. कार्ड उघडं असते, सून वाचंल. 'माझं चुकलं' एवढंच लिहायचं, त्यात 'ळ'ही नाही. तरी हात वळत नाही.

४ जुलै
लिहिलं. 'दमू तुझा फेरा बरोबर होता. आजीचं चुकलं.' शेजारचा नागोराव भैंशाले चालला होता, त्याच्याजवळ टाकाले दिलं. आज भूक लागली.

९ जुलै
दमूचं पार्सल आलं. मेडल. संगं चिठ्ठी—
'आजी, पहिली आले. पिंपाला नाव लागली होती. कोणी पाहिलं नाही. तू सांगितलं तसंच केलं. मेडल मला नको, तूच ठेव.'
चिठ्ठीवर तारीख तीन. माझं कार्ड चारले पेटीत पडलं.