गोऱ्ह्याचा खुराक

समुद्रपूर,
दसऱ्यानंतरचा सोमवार, १९५७

प्रिय चंद्रभान,

प्रिय लिहायला हात तयार नव्हता, पण पत्राची सुरुवात तशीच करतात, म्हणून लिहिलं. तेवढ्यावरून ताईचा राग निवळला असं समजू नकोस. तू धाडलेला निरोप तानबानं पोचवला. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी माझं नीट ऐकून घ्यायचं, मध्येच उठून जायचं नाही.

तुझ्या भाऊजींची तब्येत तू विचारली नाहीस, तरी सांगते. काल ते भिंत धरून विहिरीपर्यंत गेले. डॉक्टर म्हणतात, पायात जोर येईल, पण सावकाश. पेरणी-वखरणी एकट्यानं करणारा माणूस आता विहिरीपर्यंत पोचला की घरात आनंद होतो. हे तुझं देणं आहे, चंद्रभान.

मागल्या वर्षी अखजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, आम्ही जाम गावी तुझ्याकडे आलो होतो. लग्नाला तीन वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता, याचं दोघांनाही वाईट वाटायचं, पण आम्ही एकमेकांना कधी टोचून बोललो नव्हतो. तू मात्र जेवणं झाल्यावर यांच्या खांद्यावर हात टाकलास आणि म्हणालास, "जवाईबुवा, गोऱ्ह्याले सरकी चारता, मंग आपल्याच जीवानं काय पाप केलं?" सगळे हसले. हेही हसले. आपल्या कपाशीच्या मुलखात सरकीवर कोण शंका घेणार? बैलाला ताकद सरकीची, म्हशीच्या दुधाला साय सरकीची. मग माणसाला मूल का नाही सरकीचं, असं भल्याभल्याला पटेल. तीच तर तुझी हुशारी.

फाट्यावरचा तुझा तंबू मी पाहिला आहे. ट्रकवाला उतरला की तुझं तोंड सुटतं. मर्दानगी, खानदानी नुस्खा, हिमालयातला साधू! कुठला हिमालय आणि कुठला साधू! जिनिंगच्या घाण्यावरचं सरकीचं काळपट लाल कच्चं तेल, साबणवाले नेतात ते. त्यात जायफळ घासायचं, बाटलीवर नंदीचं चित्र डकवायचं, की झाला नंदीअर्क. तुला स्वतःला तीन लेकरं आहेत आणि त्यातला थेंबही तू कधी जिभेला लावला नाहीस. गिऱ्हाईकं मात्र मान खाली घालून येतात आणि बाटली धोतरात लपवून नेतात. गुण आला नाही तरी परत येऊन भांडत नाहीत, कारण भांडायचं तर चारचौघांत काय सांगायचं? त्यांच्या लाजेवर तुझं घर चालतं.

यांनीही बाटली गोठ्यात लपवली होती. रोज पहाटे उपाशीपोटी प्यायचे. वर तुझं पथ्य, तेल अंगात मुरेपर्यंत बायकोपासून लांब झोपायचं. म्हणजे मूल व्हावं म्हणून औषध, आणि औषध लागू पडावं म्हणून मूल होण्याचा रस्ताच बंद! वर्षभर हे बैलांजवळ झोपले आणि मी घरात विचार करत बसले की माझं काय चुकलं. बायकोनं हे लिहू नये, मला माहीत आहे. पण लिहिते. लाजून लाजूनच आम्ही इथवर आलो.

पोळ्याच्या दिवशी जोडी सजवून हे तोरणाखाली गेले आणि पाय गेले. उभ्या उभ्या खाली बसले ते उठेचनात. लोक म्हणाले, बाबारावजी आज चोरून पिऊन आले. वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी परोपरीनं विचारलं, काय खाल्लं, काय प्यायलं. हे गप्प. हात उचलेना, श्वास लागला, तरी गप्प. तुझ्याकडे माणूस धाडला, तर तू खानदानी गुपित म्हणून हात झटकलेस. शेवटी भरल्या खोलीत, परक्या पुरुषांसमोर, मी बोलले. नवरा सरकीचं कच्चं तेल पितो, मूल व्हावं म्हणून पितो, आणि माझ्या सख्ख्या भावानं दिलंय. डॉक्टर म्हणाले, "बाई, त्या कच्च्या तेलातलं विषच बाधलंय. हे काल सांगितलं असतं तर बरं झालं असतं." यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी पुन्हा बोलणार नाही.

आणि आता तुझा निरोप. "ताईची कूस उजवत नाई, धाकटी बहीण कमला मोठी झाली, जवाईबुवाले देऊन टाकू, घरातली घरातच राह्यते." किती माया! खरं मी सांगते. यांचे पाय गेल्याची बातमी फाट्यावर पोचली आणि गिऱ्हाईक तुटायला लागलं. दोष बहिणीत ठरला की तेल चोख ठरतं. म्हणून आधी माझ्यावर वांझपणाचा शिक्का, मग कमलाच्या गळ्यात माळ, आणि तुझा नंदी पुन्हा तंबूवर. सासूबाई कबूल झाल्या होत्या. पण काल यांनी त्यांना आणि आपल्या सदाशिवमामांना समोर बसवून सांगितलं, "हिचा दोष नाई. असंल तर माह्या असंल. दुसरी बायको या घरात येणार नाई." दवाखान्यानंतर ते पहिल्यांदाच माझ्या बाजूला येऊन बसले.

तुला अक्षर येत नाही, चंद्रभान. हे पत्र तुला कमलाच वाचून दाखवते आहे, आणि तिला हे सगळं कळायला माझ्याकडे दुसरा रस्ता नव्हता. कमला, बाई, आता थांब. पत्र त्याच्या हातात दे. ज्यांनी ते आणलं ते सदाशिवमामा बाहेर दमणीला बैल जुंपून उभे आहेत. लुगडी बांधत बसू नकोस, नेसत्या लुगड्यानिशी नीघ. इथं तू पाहुणी म्हणून येशील, सवत म्हणून नाही. तो ओरडेल. ओरडू दे.

तुझीच,
अन्नपूर्णाताई