साठच्या पुढं

अण्णा, तुमची गाडी अजून दारात आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला प्रस्तावना आवडायच्या नाहीत. माझा लेख पेपरात आला की तुम्ही पहिला परिच्छेद तळहातानं झाकून दुसऱ्यापासून वाचायचात आणि म्हणायचात, "हितनं सुरू कर की. वरचं नुसतं घसा खाकरणं हाय." तुम्ही गेल्यापासून माझे सगळे लेख घसा खाकरूनच सुरू होतात. कुणी हात ठेवत नाही.

गाडी भंगारात जाणार होती. तुमचा धाकटा आता सोलापुरात मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला घरात जुनी वस्तू दिसली की अंगाला खाज सुटते. पण या वेळी त्याचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. आईला डोळ्यांसाठी सारखं सोलापूरला न्यावं लागतं. हायवेवर साठनं गेलं की ट्रकवाले मागून हॉर्न देऊन देऊन आपल्याला शेतात उतरवतात, आणि ऐंशीच्या वर नेली की तुमची ही पांढरी गाडी हिवताप भरल्यासारखी थरथरते. आई डोळे मिटून भवानीचं नाव घेत बसते. डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाईपर्यंत डोळे मिटलेलेच. धाकट्याची नवी गाडी आहे, पण ती इतकी उंच की आईचे गुडघे तिच्या पायरीपाशीच संप करतात. शेवटी तो म्हणाला, "ताई, उमरग्यापर्यंत नव्वदनं ने. थरथरली न्हाय तर ठेव. थरथरली तर मी भंगारवाल्याला फोन लावतो, आणि मग रडायचं न्हाय." मी म्हटलं, ठीक. रडायचं नाही हे कबूल करताना माझा आवाज कसा होता ते तुम्ही विचारू नका.

आपल्या धाराशिवात डॉक्टर कमी पडतील, पण गाडीचं निदान करणारा माणूस हाक मारायच्या आत हजर होतो. शेजारचे निवृत्त तलाठी म्हणाले, पेट्रोलात भेसळ आहे. आत्याच्या जावयांनी बॉनेटवर थाप मारून इंजिन म्हातारं झाल्याचं जाहीर केलं. स्वतःच्या पोटाकडं त्यांनी पाहिलं नाही. पहिल्या मेस्त्रीनं इंजिनाखालची रबरं बदलली. थरथर होती तिथंच. दुसऱ्यानं अलाइनमेंट केली, पुढच्या दोन चाकांचं बॅलन्सिंग केलं, आणि मागच्या चाकांचं विचारल्यावर माझ्याकडं दयेनं बघत म्हणाला, "मागच्याला लागत न्हाय ताई. ती नुसती पुढच्यांच्या मागनं येत्यात." हे वाक्य मी उचलून राजकारणावरच्या लेखात घातलं. लोकांना फार आवडलं. गाडी थरथरतच राहिली.

मग मला तो रेडिओ आठवला. तुम्ही तेरच्या शाळेत विज्ञान शिकवत होतात, आपण शाळेमागच्या दोन खोल्यांत राहत होतो. रेडिओ बंद पडलाय. तुम्ही घरात नाही, म्हणून मी एका दमात सेल बदलते, मागची तार खरवडते, बटणात खोबरेल सोडते, आणि रेडिओ बोलायला लागतो. तुम्ही येता. मी शाबासकीसाठी उंबऱ्यात उभी. तुम्ही पाय धुता, सावकाश पुसता आणि विचारता, "कशानं चालू झाला?" मी म्हणते, काय माहीत, झाला की. "मग तू दुरुस्त न्हाय केलास. त्यानं तुझी दया केली." आणि जुने सेल परत घालायला लावता. आई चुलीपासून म्हणते, "अहो, चालू झालाय तर बातम्या तरी ऐकू द्या की पोरीला." पण तुम्ही ऐकत नाही. "एका बारीला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की खरं कोण, ते कळत न्हाय." शेवटी दोष त्या तारेचा निघाला. सेल चांगले होते. त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला होता की मी जेवले नाही, आणि आज तोच राग मला कुणी आणून दिला तर मी ताटात घेऊन खाईन.

तर एका रविवारी सकाळी धाकट्याला शेजारी बसवून मी गाडी काढली. तुळजापूर, नळदुर्ग, आणि पुढं हायवे. पंच्याऐंशीला थरथर आली. मी स्टिअरिंग अगदी हलकं धरलं. ते शांत होतं. थरथर माझ्या सीटमध्ये होती, पाठीला लागत होती. मग गाडी न्यूट्रलला टाकली. इंजिनाचा आवाज खाली बसला, थरथर बसली नाही. म्हणजे इंजिन निर्दोष, आत्याच्या जावयांनी त्याची माफी मागावी. ब्रेकवर किंचित पाय ठेवला. थरथर वाढली नाही की कमी झाली नाही. धाकटा म्हणाला, "तू गाडी चालवतीयस का प्रॅक्टिकल घेतीयस?"

"हात तुझ्या सीटला लाव आणि गप बस."

"अण्णांवानी बोलू नकोस."

एका ढाब्याच्या सावलीत गाडी थांबवली. स्टेपनी डिकीत होती, तुम्ही चारी टायरांबरोबर घेतलेली, रस्ता न बघितलेली. टायर अजून तुमच्याच हातचे आहेत. गाडी सोलापूरच्या फेऱ्या सोडल्या तर फिरते किती? आधी मागचं डावं चाक काढून स्टेपनी लावली. मोठ्या हुद्द्यानं इस्त्रीच्या शर्टात जॅक फिरवला. थरथर तशीच. तो वैतागून म्हणाला, दोन्ही चाकं एकदमच बदलू या की कुठून तरी. मी नुसतं त्याच्याकडं बघितलं, आणि तोही तुमचाच मुलगा, मुकाट्यानं डावं चाक परत लावायला बसला. मग मागचं उजवं काढलं, तिथं स्टेपनी. पंच्याऐंशी. नव्वद. गाडी लोण्यावरून जावी तशी. धाकट्यानं काट्याकडं बघितलं आणि सीटवरचा हात काढला.

उमरग्यात टायरवाल्यानं ते काढलेलं चाक मशिनवर फिरवलं, थांबवलं आणि रिमच्या कडेला बोट लावलं. "ताई, हितं शिसं होतं. चाकाचं वजन सारखं करायला लावत्यात ते. आपोआप न्हाय पडलं, उचकटून काढलंय कुणीतरी. आणि जागा कशी, मस्त घासून पुसून घेतलीय बघा."

घासून पुसून म्हटल्याबरोबर मला अंगण दिसलं. खंडेनवमी. तुम्ही बनियनवर उकिडवे बसला आहात, शेजारी बादली, काथ्या, आणि आईचं जुनं उलथनं. वर्षभर गाडीला हात न लावणारी माणसंसुद्धा त्या दिवशी चाकं धुतात. तुम्ही तर चाकाच्या दातातलं किटण काढायचात. उलथन्याचं टोक रिमला लावून म्हणताय, "टायरवाल्यानं कसली घाण चिकटवलीय ही. देवीपुढं अशी न्यायची व्हय?" मी पायरीवर चहा पितेय. मलाही ती घाणच वाटतेय. मग हळद-कुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. त्यानंतर कधीतरी मी तुम्हाला म्हटलं होतं, अण्णा, ऐंशीला थरथरते हो. आणि विज्ञानाच्या मास्तरांनी उत्तर दिलं होतं, "मग ऐंशीला नेऊ नकोस. साठच्या पुढं गाडी आपली राहत न्हाय." स्वतः चालवताना तुम्ही साठच्या पुढं कधी गेलाच नाहीत, मग तुम्हाला कळणार कसं?

मी हे सांगितलं तेव्हा धाकटा आधी पोट धरून हसला. मग हसता हसता थांबला, हाताचं ग्रीस त्याच इस्त्रीच्या शर्टाला पुसलं आणि म्हणाला, "ठेव गाडी." एवढंच.

घरी येऊन आईला विचारलं, अण्णांनी चाकाचं शिसं काढलं होतं ते टाकलं का गं? ती म्हणाली, "ते का टाकत्यात काही? मला दिलं की. देवघराच्या पडद्याच्या शिवणीत घातलंय म्या. पंख्यानं पडदा उडून दिवा विझायचा." मी जाऊन चाचपून पाहिलं. शिवणीत गाठीसारखे तुकडे आहेत. दिवा स्थिर जळत होता.

तेव्हापासून गाडी नव्वदला थरथरली नाही. आई सोलापूरपर्यंत डोळे उघडे ठेवून बाहेरचं बघते, धाकटा खूश आहे, तलाठी म्हणतात, पेट्रोल बदललंत ना? सगळं ठीक आहे. फक्त माझी पाठ रिकामी वाटते. शेवटच्या दिवसांत गुडघ्यांमुळं आई पुढं बसायची आणि तुम्ही माझ्या मागं. काटा साठच्या पुढं गेला की तुम्ही एक शब्द न बोलता माझ्या सीटच्या पाठीवर बोटांची हाडं वाजवायचात. टकटकटक. मी चिडून म्हणायचे, अण्णा, मला दिसतोय काटा. तुम्ही गेल्यानंतर इतकी वर्षं मी एकटी असले की हायवेवर उगीच ऐंशीच्या वर जात होते, आणि ते का, हे मला टायरवाल्याकडून परत येताना कळलं. तुमच्याच नियमानं: एकच गोष्ट बदलली होती, पाठीला लागणारी ती थरथर.

हे कागद गाडीच्या कप्प्यात, तुमच्या चष्म्याच्या घराशेजारी ठेवणार होते. पण धाकटा तिथं बडीशेप शोधतो, आणि हे त्याच्या हाती लागून चालणार नाही. म्हणून माझ्यापाशीच राहू देते. गोष्ट अशी आहे की परवा खंडेनवमी झाली. मी चाकं घासत होते. मागच्या उजव्या चाकापाशी हात उमरग्याच्या टायरवाल्यानं लावलेल्या नव्या शिशावर अडला, आणि आईचं उलथनं शेजारीच होतं. सगळं नाही काढलं अण्णा, एकच तुकडा. आई गाडीत असली की मी साठच्या पुढं जात नाही. धाकट्याला सांगितलंय, वेळ लागतो, रस्ता खराब आहे.