डोक्यावरचे दोन पट्टे

नाशिक,
३१ जानेवारी १९९४

तीर्थरूप बाबांस,
मोहिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्याकडून हट्टाने मागून आणलेला कॅमेरा सुखरूप आहे. आधी हेच लिहिलं, म्हणजे पुढचं पत्र तुम्ही शांतपणे वाचाल. ह्यांच्या ऑफिसातले एकजण मनमाडहून रोज ये-जा करतात, त्यांच्याबरोबर रोल तुमच्या स्टुडिओवर पाठवते आहे.

काल पहाटे आम्ही दोघं स्कूटरवरून नांदूरमध्यमेश्वरच्या तळ्यावर गेलो होतो. निफाडची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. द्राक्षवाल्यांनी बागांमधून शेकोट्या पेटवून धूर केला होता. मी ह्यांच्या गळ्यातला मफलर काढून कॅमेऱ्याला गुंडाळला, त्यापायी ते अजून शिंकताहेत. काठावर कुसाबाई म्हणून एका आजींचं हरभऱ्याचं शेत आहे. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि म्हणाल्या, की असलं भडक पातळ नेसून गेलीस तर एक पाखरू थांबायचं नाय, हे घे. त्यांचं घोंगडं पांघरून मी दोन तास बांधाआड पालथी पडले होते. बोटं इतकी बधिर झाली, की बटण दाबलं गेलं की नाही तेही कळेना. मग धुकं उठलं आणि वीस-बावीस राजहंस उथळ पाण्यातून चालत थेट माझ्यासमोर आले. रोलमधला चोविसावा फोटो तो.

त्याची बारा बाय पंधराची प्रिंट हवी आहे. इथल्या पक्षिमित्रांचं प्रदर्शन सत्तावीस फेब्रुवारीला आहे आणि प्रिंट तेवीसच्या आत द्यायची आहे. नाव नोंदवायला गेले तेव्हा चिटणीसांनी विचारलं, की फोटो मिस्टरांनी काढलाय का. मी म्हटलं, मिस्टरांनी स्कूटर चालवली. बाबा, तुमच्या डार्करूममध्ये मी दहा वर्षं फोटो धुतले, पण कॅमेरा घेऊन मला दाराबाहेर कधी जाऊ दिलं नाहीत. एक फोटो माझ्या नावाने भिंतीवर लागलेला मला बघायचा आहे. एवढं करा.

आईला नमस्कार. तुमचा लोभ आहेच, तो धुऊन पक्का करून ठेवावा ही विनंती.

आपली,
मोहिनी


मनमाड,
८ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

रोल धुतला. छत्तीसपैकी एकोणीस फोटो हललेले आहेत. माणसाला हलू नका म्हणून सांगता येतं, तुझ्या गिऱ्हाइकांना कोण सांगणार? फोटो म्हणजे खुर्ची, मागे पडदा, हात गुडघ्यावर. चाळीस वर्षं मी तेच करतो आहे आणि कुणाची तक्रार नाही. चोविसावा मात्र बरा आहे. तुझी आई म्हणते, जेवता जेवता दोनदा उठून तो पाहिलात हे लिहा. मी लिहिणार नाही.

त्यात एक दोष होता. प्रत्येक पक्ष्याच्या पांढऱ्या डोक्यावर, मागच्या बाजूला, दोन-दोन काळ्या रेघा आल्या होत्या. धुक्याने झालं, की तू रोल चढवताना काही घासलं, देव जाणे. पण काळजी करू नकोस. लग्नाच्या मुलींच्या फोटोतले तीळ आणि देवीचे व्रण काढतो, तसं भिंग लावून, प्रिंटवरच ब्लेडच्या टोकाने खरवडून आणि वर पांढरा रंग देऊन सगळं साफ केलं. तीन दिवस लागले. आता बावीसच्या बावीस डोकी दुधासारखी दिसतात. कुणीही पसंत करील. प्रिंट सोबत आहे.

ललितरावांना शिंकांवर सुंठेचा काढा दे. आमचं बरं आहे, तुमचं तसंच असावं.

तुझा,
मोतीराम (बाबा)


नाशिक,
११ फेब्रुवारी १९९४

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न.

प्रिंट मिळाली. पाहिली आणि मला रडू आलं. बाबा, त्या रेघा दोष नव्हत्या. त्या राजहंसाच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतातच. त्यावरूनच त्याला पट्टकदंब म्हणतात. तो हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो, आणि तुम्ही त्याला गावठी बदक करून पाठवलंत. ही प्रिंट नेली तर चिटणीस म्हणतील, बाईंनी काहीतरी रंगवून आणलं.

रागात लिहिते आहे, पण लिहिते. माझ्या कपाळावरचा व्रण तुमच्याच कॅमेऱ्याच्या स्टँडवर आपटून झाला, मी पाच वर्षांची असताना. लग्नासाठी माझा फोटो काढलात तेव्हा निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून तुम्ही तो बुजवलात. ही मंडळी बघायला आली तेव्हा सासूबाई एकदा फोटो आणि एकदा मला बघत राहिल्या, आणि त्यांनी विचारलं, की फोटोतली मुलगी कुठे आहे. मी पोह्यांचा ट्रे धरून उभी होते. ह्यांनी हसण्यावारी नेलं म्हणून निभावलं. तेव्हा मी तुम्हाला काही बोलले नाही. मला फार लागलं होतं.

दुसरी प्रिंट काढा, कुठेही हात न लावता. ते जमणार नसेल तर निगेटिव्ह परत पाठवा, मी इथे कुठेतरी करून घेईन. बारा दिवस उरले आहेत.

लोभ कमी झालेला नाही, आज एवढंच.

मोहिनी


मनमाड,
१९ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी भिंगाखाली निगेटिव्ह बघत बसलो. मग ठरवलं, की स्वतः जाऊन बघावं आणि पोरीला तिची चूक दाखवावी. बुधवारी पहिल्या एसटीने निफाड गाठलं आणि तिथून टेम्पोने तळं. पांढरंशुभ्र धोतर, सदरा, टोपी. मी काठावर पोचलो आणि अख्खं तळं उडालं.

तिथे तुझ्या कुसाबाई भेटल्या. कुणाचा कोण ते सांगितल्यावर म्हणाल्या, की पोरीला अक्कल हाय, बापाला नाय. मलाही घोंगडं दिलं. अडुसष्टाव्या वर्षी मी चिखलात पालथा पडलो. धोतराचे डाग तिसऱ्या धुण्यालाही निघाले नाहीत आणि तुझी आई म्हणते, आता खरवडा ब्लेडने.

तासाभराने ते आले. पट्टे आहेत. प्रत्येकाला दोन, कुणी बेताने ओढावेत तसे. एकाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मी सवयीने पुटपुटलो, की हलू नका. तो हलला नाही, हे मात्र तू मान्य करायला हवंस. बाहेर न्यायचा कॅमेरा तुझ्याकडे, त्यामुळे मी नुसता बघत राहिलो. उन्हं चढेपर्यंत तिथून उठवेना.

परत आल्याबरोबर प्रिंट काढली. ब्लेड आणि रंग आधीच तुझ्या आईच्या ताब्यात दिले होते. चूक माझी होती. पक्ष्यांच्या फोटोतही, आणि तुझ्या त्या लग्नासाठीच्या फोटोतही.

लोभ मागायला आज तोंड नाही, तरी असू दे.

तुझा,
बाबा


नाशिक,
२८ फेब्रुवारी १९९४

तीर्थरूप बाबांस,
मोहिनीचा शि. सा. न. वि. वि.

पहिला नंबर आला. एकसष्ट फोटोंमधून. दारातून आत गेलं की समोरच तो होता, आणि खालच्या चिठ्ठीवर चिटणीसांनी छापलेलं 'श्री.' खोडून स्वतःच्या हाताने 'सौ. मोहिनी' लिहिलं होतं. मी ते पाच वेळा वाचलं. एक म्हातारे पक्षितज्ज्ञ खिशातून भिंग काढून एकेक डोकं मोजत होते. म्हणाले, इतके स्वच्छ पट्टे फोटोत क्वचित येतात, प्रिंट कुणाच्या हातची आहे? मी तुमचं नाव मोठ्याने सांगितलं.

कुसाबाई शेतातल्या ओल्या हरभऱ्याची, सोलाण्याची पिशवी घेऊन आल्या होत्या आणि घोंगड्याचं नाव लिव्हलं का म्हणून भांडत होत्या. सासूबाई फोटोशेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि येईल त्याला सांगत होत्या, की ही आमची सून, हीच, कपाळावर खूण आहे ती. आम्ही दोघं इतके हसलो, की ह्यांना पुन्हा शिंका सुरू झाल्या.

सवड झाली की कॅमेरा परत करायला येतेच. तोवर लोभ आणि राग दोन्ही माझ्यावरच ठेवा.

आपली,
मोहिनी


मनमाड,
६ मार्च १९९४

चि. सौ. मोहिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवलं. पासपोर्ट फोटोला आलेल्या एका गृहस्थांची त्यापायी गाडी चुकली.

तुझ्या लग्नाच्या वेळची निगेटिव्ह डब्यात सापडली. पेन्सिल टर्पेंटाइनने पुसली की निघते, अकरा वर्षांनीही निघते. कापसाचा एक बोळा पुरला. प्रिंट काढली आणि दर्शनी काचेत मधोमध लावली, व्रणासकट. काल एक बाई लग्नाच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या गालावर तीळ आहे. तो काढाल ना, असं विचारू लागल्या. मी काचेकडे बोट केलं आणि सांगितलं, की ती माझी मुलगी, तिचा नाशकात पहिला नंबर आलाय. पोरगी तिळासकट फोटो काढून गेली.

तुझी आई विचारते, कधी येतेस. लवकर ये, पण हात हलवत ये. लोभ आमच्याकडे असू दे, कॅमेरा तुझ्याकडे.

तुझा,
बाबा